कांस्याची चाके, भेंडाची चाके

१९७४ साली श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला छबू लक्ष्मण भिल्ल झाडाचे मूळ खणत होते. मुळाआधी हाताला धातू लागला. माती दूर सारली तशा एकामागून एक चार आकृती बाहेर आल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ. चारही धातूच्या, ओतीव, आणि एकत्र तोलल्या तर साठ किलोंहून जड. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना दायमाबाद नवे नव्हते. बी. पी. बोपर्डीकर यांनी १९५८ मध्ये हे ठिकाण शोधले होते आणि पाठोपाठ एम. एन. देशपांडे यांनी तिथे उत्खननही केले होते. या चार वस्तू निघाल्यावर मात्र प्रवरेकाठचे हे खेडे इतिहासाच्या प्रत्येक जाणकाराला तोंडपाठ झाले. आधी एस. आर. राव आणि नंतर एस. ए. साळी यांनी १९७९ पर्यंत इथली माती थरामागून थर उलगडली.

चार शिल्पांत सर्वांचे डोळे खिळतात ते रथावर. लांबी ४५ सेंटीमीटर, रुंदी १६ सेंटीमीटर. पुढे जुवाखाली दोन बैल, मागे भरीव चाकांवर उभा असलेला सारथी. सारथ्याची उंची १६ सेंटीमीटर. रेड्याच्या पायाखालीही पाट आहे आणि पाटाखाली चाके. गेंडाही चाकांवर उभा आहे. हत्तीच्या पाटाखाली आख बसवायची सोय दिसते, आख आणि चाके मात्र गळून गेली आहेत. रथ आणि प्राणी आज दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यांच्यात वाटले गेले आहेत.

राव आणि साळी यांनी ही शिल्पे उत्तर हडप्पा काळातली, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानली. डी. पी. अग्रवाल यांनी त्यावर शंका घेतली. या धातूत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून जास्त आहे आणि त्या काळच्या आपल्याकडच्या इतर वस्तूंत तशी मिश्रणे सापडत नाहीत, हा त्यांचा मुद्दा. काळाचा वाद अभ्यासकांत चालू राहिला. ज्या कारागिराने हा रथ ओतला त्याने खरी गाडी जवळून पाहिली होती, याबद्दल मात्र रथाकडे पाहणाऱ्याला शंका उरत नाही.

एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सारथी १६ सेंटीमीटरचा. माणूस १६० सेंटीमीटरचा धरला तर ही प्रतिकृती खऱ्याच्या एक दशांश भरते. मग रथाची लांबी दहापट केली की साडेचार मीटर होते आणि रुंदी १.६ मीटर. बैलजोडीसकट हलकी छकडी रस्त्यावर साधारण तेवढीच जागा घेते. कारागिराने फूटपट्टी लावली होती असे कोणी म्हणणार नाही. त्याच्या नजरेतच ते माप बसलेले होते.

दायमाबादच्या अंगणातून वाहणारी प्रवरा पुढे नेवासे तालुक्यात प्रवरासंगमाला गोदावरीत मिसळते. तेच पाणी जायकवाडीच्या नाथसागरात पसरून शेवगाव तालुक्याच्या उत्तर शिवेला लागते. दायमाबादला खोदकाम चालू होते त्याच वर्षांत पैठणला धरण उभे राहत होते. १९७६ मध्ये ते पुरे झाले. नदीच्या वरच्या अंगाला चार हजार वर्षांपूर्वीची गाडी जमिनीतून वर येत होती आणि खालच्या अंगाला जुन्या गाडीवाटा पाण्याखाली चालल्या होत्या.

शेवगाव, पाथर्डी हा ज्वारी-बाजरीचा मुलूख. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, कपाशी आली, तरी कडब्याची गंजी इथल्या वस्त्यांवरून गेली नाही. या भागातल्या पोरांनी पिढ्यानपिढ्या जी गाडी बनवली ती ज्वारीच्या ताटाची. सुगी उरकली की जाडसर ताट निवडायचे, वरची कडक साल सोलून तिच्या चोया काढायच्या आणि आतला पांढरा, हलका भेंड वेगळा ठेवायचा. भेंड म्हणजे लाकूड, चोय म्हणजे खिळा. भेंडाच्या तुकड्याचा तुंबा, त्यात चोयांचे आरे, आऱ्यांभोवती वाकवून आणलेली लांब चोय म्हणजे धाव. मग आख, साटी, जू, जुवाच्या दोन टोकांना शिवळा. बैल मातीचे किंवा भेंडाचेच. दुकानातून काहीही आणावे लागत नसे. एक ब्लेड आणि बाभळीचे काटे पुरत.

ही गाडी करताना पोराला खरी गाडी पाठ व्हायची. आऱ्यांची संख्या चुकली की चाक एका अंगाला कलायचे. आख तिरका बसला की गाडी वाकडी पळायची. साटी फार मागे गेली की जू वर उचलले जायचे, आणि मग खऱ्या गाडीतही ओझे मागे सरकले की बैलांच्या मानेवर काय होते ते आजोबांना समजावून सांगावे लागत नसे. ऊसतोडीच्या हंगामात हेच पोर आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर गेले, तर तिथल्या रबरी टायरच्या गाड्या पाहून परत आल्यावर त्याच्या भेंडाच्या गाडीची चाके बदलायची: आऱ्यांच्या जागी तुटक्या स्लिपरमधून कापलेले जाड रबरी गोल.

आपल्या वाङ्मयातही लहान गाडीचे स्थान जुने आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाचे नावच मुळी मातीच्या गाडीवरून पडले. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आपल्या मातीच्या गाडीसाठी हिरमुसतो आणि वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडीत भरून देते. पुढचे सगळे संकट त्या दागिन्यांवरून ओढवते. गोविंद बल्लाळ देवल यांनी हे नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणले तेव्हा मातीची गाडी मराठी घराघरांत ओळखीची झाली. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. त्या दिवशी मुले लाकडी बैल ओढत रस्त्यावर येतात. बैलाच्या चारही पायांखाली पाट, पाटाखाली चाके. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून चालत आलेल्या या बैलाशेजारी दायमाबादचा रेडा ठेवला, तर दोघांची रचना एकच दिसेल.

विसाव्या शतकात लहान गाडी मुलाच्या हातातून निसटून कारखान्यात गेली. त्याची एक मोठी वाट इंग्लंडमधल्या लिव्हरपूलहून निघते. तिथल्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये एका खेळण्याचे पेटंट घेतले: अर्ध्या अर्ध्या इंचावर भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, नट, बोल्ट, चाके आणि आख. पट्ट्या जोडून पूल करा, क्रेन करा, मोटार करा. मोडा आणि त्याच पट्ट्यांतून दुसरे काही उभारा. पुढे त्याला मेकॅनो हे नाव मिळाले. भारतातल्या सुस्थितीतल्या घरांतही मेकॅनोच्या पेट्या आल्या आणि कित्येक इंजिनियरांच्या आठवणींत त्या आजही आहेत.

हॉर्नबी यांच्याच कंपनीने खेळण्यातल्या आगगाड्याही काढल्या. आगगाडीभोवती स्टेशन हवे, माणसे हवीत, मोटारी हव्यात, म्हणून १९३३ च्या अखेरीस छोट्या मोटारींचा एक संच बाजारात आला. १९३४ मध्ये त्यांना डिंकी टॉइज हे नाव मिळाले. आज जगभरचे संग्राहक ज्या १:४३ प्रमाणाला मानतात त्याचे मूळ याच आगगाडीत आहे. त्या आगगाड्यांसाठी खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर असे माप ठरलेले होते. एका फुटात सुमारे ३०५ मिलिमीटर. त्याला सातने भागले की साडेत्रेचाळीस येतात.

डिंकीच्या गाड्या ओतीव धातूच्या, रंगवून तयार मिळायच्या. मुलाने त्या जोडायच्या नव्हत्या, पळवायच्या होत्या. १९५० च्या दशकात लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेल यांनी आपल्या मुलीसाठी पितळेचा एक इवलासा रोड रोलर केला. काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे शाळेत आणायची परवानगी होती, म्हणून तो काडेपेटीत बसेल असा केला. त्या पेटीवरूनच मॅचबॉक्स हे नाव निघाले. १९५३ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक झाला तेव्हा लेस्नीने राजरथाची छोटी प्रतिकृती काढली आणि ती दहा लाखांहून अधिक खपली. अमेरिकेतल्या मॅटेलने १९६८ मध्ये गुळगुळीत पळणाऱ्या हॉट व्हील्स आणल्या.

भारतात परदेशी खेळण्यांच्या आयातीवर दीर्घकाळ बंधने होती. त्यामुळे गाड्यांऐवजी गाड्यांचे साचे इथे आले. डिंकीचे काही जुने साचे कोलकात्याच्या एका कंपनीने घेतले आणि त्यांतून निघालेल्या मोटारी निकी या नावाने विकल्या गेल्या. लिव्हरपूलमध्ये १९७९ च्या नोव्हेंबरात डिंकीचा कारखाना बंद पडला. कोलकात्याच्या निकी गाड्या आज परदेशी संग्राहक हौसेने शोधतात. पुढे मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीने मॅटेलशी हातमिळवणी केली आणि लिओ मॅटेलच्या नावाने हॉट व्हील्स भारतातल्या दुकानांत आल्या. तालुक्याच्या गावच्या मुलाला मात्र जत्रेतली पत्र्याची आणि प्लास्टिकची मोटार अधिक ओळखीची. सावंतवाडीच्या चितारींनी रंगवलेली लाकडी खेळणी त्या वेळी कोकणातून घाटावर येत, पण शेवगावच्या बाजारात चैनीच्या वस्तूंसारखीच.

कारखान्यातून तयार गाडी मिळू लागली तरी घडवण्याची हौस मेली नाही. अमेरिकेत तर एका मोटार कंपनीनेच ती जाणूनबुजून जोपासली. जनरल मोटर्ससाठी मोटारींचे सांगाडे बनवणाऱ्या फिशर बॉडीच्या बोधचिन्हात एक शाही बग्गी होती, नेपोलियनच्या काळच्या बग्ग्यांवरून बेतलेली. १९३० मध्ये, मंदीच्या पहिल्या वर्षात, कंपनीने मुलांसाठी स्पर्धा जाहीर केली: या बग्गीची हुबेहूब प्रतिकृती करा. तयार सुटे भाग कोणी विकत नव्हते. हातात फक्त आराखडा. लाकूड कोरायचे, धातूच्या पट्ट्या वळवायच्या, आतल्या गाद्या शिवायच्या, दारे उघडली-मिटली पाहिजेत, वर सोनेरी नक्षी. बक्षीस म्हणून कॉलेजच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती, काहींना हजारो डॉलरची. घरात कमाई नसलेल्या मुलासाठी ती रक्कम म्हणजे आयुष्याची दिशा.

१९३७ पासून त्याच स्पर्धेत मोटारीही आल्या, आणि तिथे नियम उलटा होता. नक्कल नको, भविष्यातली मोटार स्वतः कल्पून १:१२ प्रमाणात घडवा. जनरल मोटर्समध्ये हार्ली अर्ल यांनी १९२७ पासून मोटारीचा आकार आधी चिकणमातीत घडवून पाहण्याची पद्धत रुजवली होती. पत्र्याला हात लावण्यापूर्वी गाडी मातीत उभी राहायची. मुलांची स्पर्धा त्याच पद्धतीचा उंबरठा ठरली. १९४७ च्या स्पर्धेत चार्ल्स जॉर्डन या तरुणाला शिष्यवृत्ती मिळाली. पुढे तो जनरल मोटर्समध्ये गेला आणि १९८६ ते १९९२ या काळात त्या कंपनीच्या साऱ्या रचनाविभागाचा प्रमुख होता. १९६८ मध्ये ही स्पर्धा बंद झाली. तिची एक उणीव नोंदवायलाच हवी: अडतीस वर्षे ती फक्त मुलग्यांसाठी होती. घरात आगकाडीच्या टोकाएवढी रांगोळीची रेघ ओढू शकणाऱ्या आपल्याकडच्या मुलींचे हात पाहिलेल्या कोणालाही त्यात किती कौशल्य वाया गेले ते कळेल.

त्याच काळात लाकडाची जागा प्लास्टिक घेत होते. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती काढली, ती ट्रॅक्टर विकणाऱ्यांच्या हातात नमुना म्हणून द्यायला. पुढे तीच सुट्या भागांत, जोडणीचा संच म्हणून बाजारात आली. फर्ग्युसनचे नाव ज्याच्यात टिकून राहिले तो मॅसी फर्ग्युसन शेवगावच्या शिवारात नुसत्या ‘मॅसी’ या नावाने नांगरट करतो. अमेरिकेत रेवेलने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या मोटारींचे प्लास्टिक संच काढले, आणि डेट्रॉइटजवळच्या एएमटीने १९५८ मध्ये एकाच पेटीत तीन तऱ्हेची मोटार बनवता येईल असे भाग दिले: कारखान्यातून आली तशी, हौशीने सजवलेली, किंवा शर्यतीची. आखलेल्या चौकटीत आडवे-उभे सुटे भाग, ते कटरने सोडवायचे, कडा घासायच्या, डिंक लावायचा, रंग द्यायचा. जगातल्या लाखो घरांच्या जेवणाच्या टेबलावर रात्री उशिरापर्यंत हे काम चालू लागले.

या छंदाला धर्मासारखी शिस्त दिली ती जपानने. शिझुओका हे लाकूडकामाचे जुने शहर. तिथल्या देवस्थानांच्या बांधकामासाठी आलेले सुतार, लाखकाम करणारे आणि रंगारी तिथेच स्थिरावले, अशी त्या शहराची परंपरा सांगितली जाते. १९४६ मध्ये योशिओ तामिया यांनी तिथे लाकडाचा धंदा सुरू केला. लाकडी प्रतिकृती विकत असताना प्लास्टिक आले आणि १९६० मध्ये कंपनी त्याकडे वळली. पहिली युद्धनौका तोट्यात गेली. त्यानंतर आलेला, सेलवर चालणारा जर्मन पँथर रणगाडा मात्र जोरात खपला. त्याचे माप कसे ठरले ते ऐकण्यासारखे आहे: आत दोन सेल बसतील एवढे पोट हवे होते. पोट ठरले, त्यावरून रणगाडा ठरला, आणि १:३५ हे प्रमाण पुढे साऱ्या जगाने उचलले.

नगर शहरात १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली तिथे जातात. पोरे खऱ्या रणगाड्याच्या पट्ट्यावर हात फिरवतात, त्या पोलादाचा गारवा तळव्याला लागतो. शिझुओकातले रचनाकार नेमके हेच करत: संग्रहालयांत जायचे, मोजायचे, फोटो काढायचे, परत येऊन रेखाटायचे. १९६७ मध्ये त्यांनी होंडाच्या शर्यतीच्या मोटारीची १:१२ प्रतिकृती काढली. पुढे पोर्शेची नक्कल करायची ठरली तेव्हा कंपनीने खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती नटबोल्टासकट सुटी केली. लहान गाडी नीट करायची तर मोठी गाडी उघडून पाहावी लागते, हे त्यांनी पैसे मोजून मान्य केले. शेवगावच्या पोराला त्यासाठी पैसे लागले नव्हते, कारण खरी बैलगाडी त्याच्या दारातच सोडलेली असायची.

पैशावाचून हा छंद चालवणारा आणखी एक मोठा प्रदेश आफ्रिकेच्या दक्षिण भागात आहे. मलावीत चिचेवा भाषेत मोटारीला ‘गालिमोटो’ म्हणतात, आणि मुलांनी तारेतून वळवलेल्या खेळण्यातल्या गाड्यांनाही तेच नाव. कुंपणाची, जुन्या वस्तूंची तार गोळा करून मलावी, झिंबाब्वे, दक्षिण आफ्रिकेतली मुले ट्रक, बस, जीप वळवतात. गाडीच्या पुढच्या आखापासून एक लांब तार वर येते आणि तिच्या टोकाला स्टिअरिंग असते, म्हणजे पोराला उभ्याने पळत पळत गाडी वळवता येते. आपल्याकडच्या ज्या माणसाने लहानपणी तारेची गाडी हाकली आहे त्याला यातले काहीही समजावून सांगावे लागणार नाही. तीच तार, तेच रबरी चाक, वळणावर अंगाला बसणारा तोच हिसका. मलावीचे पोर आणि शेवगावचे पोर यांच्यात समुद्र होता, पत्रव्यवहार नव्हता, तरी दोघांच्या हातांनी एकाच अडचणीवर एकच उत्तर काढले.

काही मुले मोठी झाल्यावरही थांबत नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टासाठी सुमारे साठ हजार रुपयांत जुन्या सामानातून एक छोटी जीप उभी केली. चार चाके, आणि सुरू करायला मोटारसायकलसारखी किक. २०२१ च्या डिसेंबरात ती उद्योगपती आनंद महिंद्रा यांच्या नजरेस पडली. जानेवारी २०२२ मध्ये त्या जीपच्या बदल्यात लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली. प्रतिकृती आणि खरी गाडी यांच्यामधली जागा या जीपने व्यापली होती: आकाराने खेळणे, पण माणसे बसवून चालवता येईल असे.

महाराष्ट्रात आज प्रतिकृतींचा जो छंद खऱ्या अर्थाने आपला म्हणावा असा आहे, तो मात्र ना जीपचा, ना शर्यतीच्या मोटारीचा. तो एसटीचा आहे.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगर आणि पुणे यांच्या दरम्यान धावली. बेडफर्डची गाडी, तिच्यावर लाकडी बांधणी. वाहक लक्ष्मण केवटे, चालक किसन राऊत, भाडे अडीच रुपये. नगर जिल्ह्याच्या पोटात ही घटना आहे म्हणून इथल्या माणसाला एसटीबद्दल वाटणारी माया थोडी जास्तच. शेवगावला रेल्वे नाही. नगरपासून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या या गावाला पैठण, पाथर्डी, नेवासे आणि पुणे-मुंबईशी जोडणारा धागा म्हणजे एसटी स्टँड. कॉलेजला जाणारी मुलगी, बाजाराला निघालेली आजी, ऊसतोडीहून परतलेले कुटुंब, सगळ्यांच्या वाटा तिथे एकत्र येतात. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, १ जून २०२२ रोजी, ‘शिवाई’ ही महामंडळाची पहिली विजेवरची बसही पुणे-नगर याच रस्त्यावर धावली.

या गाडीच्या प्रेमात पडलेले तरुण महाराष्ट्रभर आहेत आणि त्यांतले कित्येक एसटीच्या प्रतिकृती बनवतात. त्यांना एअरफिक्सची पेटी मिळत नाही, कारण लालपरीचा संच कोणत्याही परदेशी कंपनीने कधी काढला नाही. म्हणून त्यांचे काम फिशरच्या स्पर्धेतल्या मुलांसारखे कोऱ्या पाटीपासून सुरू होते. स्टँडवर उभे राहून फोटो काढायचे, खिडक्या मोजायच्या, दोन खिडक्यांमधले अंतर ताडायचे. सनबोर्ड किंवा जाड पुठ्ठा कटरने कापायचा. काचांसाठी पारदर्शक शीट. मागची शिडी, टपावरची सामानाची जाळी, खिडक्यांच्या आडव्या दांड्या. काही जण आत आसने बसवतात आणि छताखालून वाहकाच्या घंटीची दोरीही ओढतात, बाहेरून ती दिसत नसली तरी.

यांचे डोळे किती तयार असतात ते गाडीच्या क्रमांकावरून कळते. एसटीच्या गाड्यांची बांधणी महामंडळाच्या स्वतःच्या कार्यशाळांत होत आली आहे: पुण्याजवळ दापोडी, संभाजीनगरजवळ चिकलठाणा, नागपूरजवळ हिंगणा. क्रमांक एमएच १४ बीटी असेल तर गाडी दापोडीची, एमएच २० बीएल असेल तर चिकलठाण्याची, एमएच ४० असेल तर हिंगण्याची. तिन्हीकडच्या बांधणीत बारीक फरक राहतात आणि प्रतिकृती करणारा ते गाळत नाही. साधी लाल, हिरवी-पांढरी निमआराम एशियाड, आधीची परिवर्तन, पुढची शिवशाही, विठ्ठलाच्या चित्राची विठाई: प्रत्येकीचे रंग, पट्टे आणि अक्षरे वेगळी. जुनी गाडी मोडीत निघाली की तिची रंगसंगती रस्त्यावरून जाते. ती नेमकी कशी होती ते मग अशा कोणाच्या तरी घरातल्या कपाटावर उभे असते.

हे काम करणाऱ्यांत वाहकांची, चालकांची मुले आहेत, इंजिनियरिंगचे विद्यार्थी आहेत, नोकरी करून रात्री टेबलावर दिवा ओढून बसणारेही आहेत. शिझुओकाच्या रचनाकारांकडे होती तशी साधने यांच्याकडे नाहीत. हातातले कटर आणि नजरेतले माप एवढेच भांडवल. दायमाबादच्या ओतारीकडे तरी याहून वेगळे काय होते?

सगळ्यांत शेवटी लिहायची ती पाटी. रंग वाळला, चाके बसली, आरसे लावले, की समोरच्या काचेवरच्या आडव्या पट्टीत गाव लिहायचे. अक्षरे उंचीला अर्धा सेंटीमीटरही नसतात. ब्रश सर्वांत बारीक, श्वास रोखलेला. पुणे, पैठण, शेवगाव. दारामागच्या पत्र्यावर आगाराचे नाव. मग गाडी टेबलावर ठेवून मागे सरकायचे आणि एक डोळा मिटून पाहायचे. ११ मीटर लांबीची एसटी १:२४ प्रमाणात उतरवली तर तिची लांबी भरते सुमारे ४६ सेंटीमीटर, म्हणजे प्रवरेकाठच्या त्या बैलरथाहून जेमतेम एक सेंटीमीटर जास्त.